‘बरं चाललंय’ म्हणण्याची सवय

मी उत्तम श्रोता आहे, असे माझ्याबद्दल अनेकांनी म्हटले आहे आणि त्याचा मला बरीच वर्षे अभिमान होता. समोरच्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे, मागच्या वेळी त्याने काय सांगितले होते ते लक्षात ठेवून पुढचा प्रश्न विचारणे, मागितल्याशिवाय सल्ला न देणे, ही पथ्ये मी मनापासून पाळत आलो. या गुणाच्या आड मी काय लपवत होतो, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी लोकलच्या डब्यात कळले, आणि तेही दुसऱ्याने दाखवून दिले तेव्हा.

२००८ पासून मी डोंबिवलीहून सकाळची एक ठरावीक जलद लोकल पकडत असे. डोंबिवली ते मुंबई हे अंतर सुमारे ४८ किलोमीटरचे, वेळ साधारण एक तास पाच मिनिटे, डबा तोच, दरवाजाही तोच. आमचा आठ जणांचा ग्रुप होता. (लोकलमधल्या या मंडळींना ‘ग्रुप’ याखेरीज दुसरा शब्द नाही, ‘मित्रमंडळ’ म्हटले की डोळ्यांपुढे गणपतीचा मांडव येतो.) आमच्यात कोणाचे घर कोणत्या गल्लीत आहे हे फारसे ठाऊक नसे, पण कोणाला खिडकी लागते, कोणाला दरवाजातला वारा लागतो आणि कोण डुलक्या काढताना शेजाऱ्याच्या खांद्यावर डोके टाकतो, हे सर्वांना पाठ होते. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने कडेला टेकायचे, घाटकोपर आले की बसलेल्यांनी उठून उभ्या असलेल्यांना जागा द्यायची, दसऱ्याच्या आधी डब्याला झेंडूची तोरणे बांधून पूजा करायची आणि संक्रांतीला कोणीतरी तिळगुळाचा डबा फिरवायचा, असा आमचा सगळा रिवाज होता. आजही मला तो मनापासून आवडतो.

त्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांना आम्ही ‘मास्तर’ म्हणत असू. ते शिक्षक नव्हते; एका कार्यालयात हिशेबाचे काम करत. गाडी सुटली की ते आमची हजेरी घेत, म्हणून ते नाव पडले. माझ्याहून ते आठ-नऊ वर्षांनी मोठे. २०१२ च्या सुमारास त्यांच्या आईंना स्मृतिभ्रंश झाला आणि पुढची तीन वर्षे, आई जाईपर्यंत, मास्तरांनी ते सारे दिवस मला गाडीत सांगितले. संध्याकाळ झाली की आई स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणत. आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला परकी बाई समजून तिच्याशी भांडत. एकदा त्या दुपारी एकट्याच बाहेर पडल्या आणि दोन तासांनी भाजीबाजारात सापडल्या. तेव्हापासून मास्तरांनी दाराला आतून अगदी वर, हात सहज पोहोचणार नाही अशा जागी कडी बसवली, आरसा झाकून ठेवला आणि आईंच्या कमरेच्या पिशवीत फोन नंबराची चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. मी हे सगळे ऐकले, योग्य तिथे योग्य ते विचारले, आणि मास्तर मला एकदा म्हणाले, “तुझ्यापाशी बोललं की ऑफिसात जरा बरं जातं.”

आता एक गोष्ट लिहितो, जी लिहिताना अजूनही अवघड वाटते. त्या तीन वर्षांत माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात मास्तरांविषयी थोडी नापसंती होती. घरातले असे प्रश्न भर गर्दीच्या डब्यात, अनोळखी माणसांच्या कानावर पडतील अशा रीतीने सांगावेत का, असे मला वाटे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे ऐकत मी वाढलो आणि घरची लक्तरे वेशीवर टांगू नयेत, ही आमच्या घरातली जणू आचारसंहिताच होती. मी मास्तरांचे ऐकत होतो, आणि त्याच वेळी मनातल्या मनात त्यांच्याहून एक पायरी वर उभा होतो.

२०१८ मध्ये माझ्या वडिलांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग नळ बंद करणे, मग नातेवाइकांची नावे. डॉक्टरांनी निदान सांगितले त्या संध्याकाळी मी घरी येऊन सर्वांत आधी काय केले असेल, तर सुताराला बोलावून दाराला वर कडी बसवून घेतली. आरशावर जुना टॉवेल टाकला. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली. मास्तरांनी मोठ्या कष्टाने मिळवलेले सगळे शहाणपण मी जसेच्या तसे वापरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्यांच्याच शेजारी बसून “काय, कसं काय?” या प्रश्नाला “बरं चाललंय” असे उत्तर दिले. हे उत्तर मी दीड वर्ष देत राहिलो.

२०१९ च्या डिसेंबरात मास्तर कोणा परिचितांच्या लग्नाला गेले होते. तिथे पंगतीत त्यांच्या शेजारी योगायोगाने माझा मेव्हणा बसला होता आणि बोलता बोलता सगळे निघाले. त्यानंतर दोन दिवस मास्तर गाडीत गप्प होते. तिसऱ्या दिवशी ठाणे गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “बाबांचं कळलं. कडी वर लावलीस का?”

मी म्हणालो, “हो.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

त्यानंतर दादरपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी बोललो नाही, असे काहीसे मी पुटपुटलो. ते हसले, पण ते हसणे नेहमीचे नव्हते. म्हणाले, “तीन वर्षं मी तुझ्यापाशी बोललो. मला वाटत होतं, आपण दोघं बोलतोय.”

या वाक्याचा मला आधी रागच आला. वडील माझे, दुखणे आमच्या घरातले. ते कोणाला सांगायचे हा माझा अधिकार, असा युक्तिवाद मी आठवडाभर मनात घोळवला. युक्तिवाद खोटा नव्हता, पण मास्तरांच्या तक्रारीला तो लागूही पडत नव्हता. माझ्या गुपितावर त्यांनी हक्क सांगितलाच नव्हता. आपण एकट्यानेच उघडे पडलो होतो, हे त्यांना चार वर्षांनी कळले होते. आणि त्याहून मोठे नुकसान असे की, ज्या माणसाला त्या दुखण्याचा कोपरान् कोपरा ठाऊक होता, जो मला कुठे चुकतोस आणि कुठे स्वतःला उगाच दोष देतोस हे सांगू शकला असता, त्याच्या हाताला मी दीड वर्ष काही कामच दिले नव्हते. आईच्या आजारपणात त्यांनी जे भोगले, ते कोणाच्या तरी उपयोगी पडले, एवढे समाधानही मी त्यांना दिले नाही. वस्तुतः ते उपयोगी पडले होते, तरीही.

मैत्री किती वेळात होते याचा हिशेब काही संशोधकांनी मांडला आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलग मैत्री व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. मी आमच्या गाडीचा हिशेब केला. वर्षाचे कामाचे २४० दिवस धरले, तरी एका वर्षात २६० तास होतात आणि अकरा वर्षांत अडीच हजारांहून अधिक. या मापाने मास्तर माझे दहापट जिवलग मित्र असायला हवे होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की, कामानिमित्त सोबत काढावे लागणारे तास तितकेसे मोजले जात नाहीत. माणसे आपण होऊन एकमेकांसाठी काढतात त्या वेळेला आणि त्या वेळात ती काय बोलतात याला महत्त्व असते. आमचे तास तर रेल्वेच्या वेळापत्रकाने काढून दिलेले होते. त्यातला एकही तास मी स्वतः मास्तरांसाठी काढला नव्हता.

याच्या उलट टोकाचा प्रयोग मानसशास्त्रज्ञ आर्थर अरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना बारा-बाराच्या तीन गटांत ३६ प्रश्न दिले. प्रश्न हळूहळू अधिक खासगी होत जाणारे, आणि प्रत्येकाचे उत्तर दोघांनीही द्यायचे. पाऊण तासात त्या जोड्यांना एकमेकांविषयी बऱ्यापैकी जवळीक वाटू लागली. पाऊण तास म्हणजे आमच्या गाडीच्या हिशेबाने डोंबिवली ते कुर्ला. त्या यादीतला शेवटचा प्रश्न असा की, स्वतःची एखादी अडचण समोरच्याला सांगायची आणि ती तो कशी हाताळेल याचा सल्ला मागायचा. पस्तीस प्रश्नांपर्यंत मी कदाचित तग धरला असता. छत्तिसावा मला कोणी विचारू नये, यासाठीच मी उत्तम श्रोता झालो होतो, असे आता वाटते. जो सतत प्रश्न विचारतो, त्याला प्रश्न विचारायची कोणाला सवड मिळत नाही.

सांगायचे ठरवल्यावर मला वाक्य सापडेना. इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करायची? भारदस्त काही बोलण्याचा प्रयत्न केला की ते नाटकी वाटे. शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी फलाटावर मी मास्तरांना एवढेच सांगितले की, काल रात्री बाबांनी मला विचारले, “तुम्ही इथे कामाला कधीपासून आहात?” मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पगार किती म्हणून नाही ना विचारलं? आई मला विचारायची.” आम्ही दोघेही हसलो. गाडी आली, आणि त्या दिवशी आम्ही बसायला जागा असूनही दरवाजाजवळ उभे राहून गेलो.

मग २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकलच बंद झाल्या. १५ जूनला त्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. आमच्यासारख्यांना, मधले काही आठवडे मर्यादित वेळांत मिळालेली मुभा सोडली, तर दोन डोस घेऊन गाडीत चढायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडावे लागले. त्या काळात ग्रुपवर रोज सुप्रभातची फुले आणि काढ्यांच्या कृती येत. गाडी थांबली तशी आमच्यातली बहुतेक मैत्री थांबली, आणि त्यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. जे नाते गाडीचे असते, ते गाडीचे म्हणून सुंदरच असते. मास्तरांना मात्र मी फोन करू लागलो. आधी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. हा पहिला वेळ, जो मी स्वतः काढला होता. सप्टेंबरमध्ये बाबा गेले. अंत्यसंस्काराला वीसच माणसांची परवानगी होती आणि मास्तरांचे वय पाहता मीच त्यांना येऊ नका म्हटले. त्या रात्री पावणेअकरापासून साडेबारापर्यंत आम्ही फोनवर होतो. बोललो बहुतेक मीच.

हे वाचून मला सर्व साधले असे वाटू नये, म्हणून दुसऱ्या एका मित्राविषयी सांगतो. तो आमच्या ग्रुपमधला सर्वांत गमत्या माणूस. ‘कसा आहेस?’ म्हटले की अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असे ‘मजेत!’ म्हणायचा. गाड्या पूर्ववत झाल्यावर तो आला नाही, आणि टाळेबंदीत त्याची नोकरी गेल्याचे व तो कुटुंबासह कोकणात गावी गेल्याचे आम्हाला तब्बल सहा महिन्यांनी कळले. मी त्याला लगेच फोन केला आणि नव्याने धर्म स्वीकारलेल्या माणसाच्या उत्साहाने प्रश्नांची सरबत्ती केली: खर्च कसा भागतो, मुलांच्या शाळेचे काय, आधी का नाही सांगितलेस. तो दोनदा “मजेत” म्हणाला आणि कोणीतरी हाक मारतेय असे सांगून त्याने फोन ठेवला. मला हवा होता तो त्याचा मोकळेपणा मी जणू वसूल करायला गेलो होतो. पुढच्या वेळी मी काहीच विचारले नाही. माझी गुडघेदुखी, नव्या वरिष्ठांशी उडणारे खटके, हे सांगितले. हल्ली तोच कधी कधी फोन करून गुडघ्याची चौकशी करतो. स्वतःविषयी तो अजून काही बोललेला नाही. कदाचित बोलणारही नाही. संक्रांतीला त्याने कुरिअरने घरचे तिळाचे लाडू पाठवले, डबा अर्धवट फुटून आला, आणि मुलाने त्या चुऱ्याची पोळी करायला सांगितली.

मास्तर २०२३ मध्ये निवृत्त झाले. परवा रविवारी फोनवर त्यांनी विचारले, “काय, कसं काय?” मी पाण्याचा पेला हातात घेऊन सवयीने म्हणालो, “बरं चाललंय.” पलीकडून काहीच आवाज आला नाही. त्यांच्या घरातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे पाहिले. तो चालू होता. मग मी पेला खाली ठेवला आणि शुक्रवारी आलेल्या रक्ताच्या अहवालाबद्दल सांगायला सुरुवात केली.