निम्म्याच पायऱ्या

२६ जुलै, रात्री अकरा

आज कादंबरीच्या नोंदींमध्ये ‘पायऱ्या’ शोधल्या आणि निम्म्याच सापडल्या.

माझ्या कादंबरीतलं शहर जमिनीखालच्या पाण्यावर जगतं. बीज पुण्याचंच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेलं पाणी, त्या नळातली हवा सुटायला बांधलेले उच्छ्वास, पेठांमधले हौद. आजोबा सांगायचे, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मग नळाला पाणी नाही आणि सगळी आळी आमच्या वाड्यातल्या आडावर. तेव्हापासून डोक्यात होतं, हौद ज्याच्या ताब्यात त्याचाच शब्द चालतो असं शहर. सात वर्षांत वंशावळी, पाण्याचे हक्क, सणवार, शिव्यासुद्धा जमल्या. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या अकरा वह्या भरल्या.

गेल्या वर्षी सगळं एका ऑनलाइन सेवेवर चढवलं. इंटरनेट गेलं की माझं शहरही जायचं. मग वर्ल्ड ॲन्व्हिल पाहिलं, काल्पनिक जगं रचण्यासाठीचं संकेतस्थळ. तिथे पात्र, वस्ती, धर्म, प्रत्येकासाठी प्रश्नांचे साचे तयार असतात. कोऱ्या पाटीवर जग मांडणाऱ्याला फार उपयोगी. माझ्याकडे उत्तरं होती, पण एकमेकांत गुंतलेली. प्रकरणं स्क्रिव्हनर या लेखनाच्या ॲपमध्ये लिहिते, ते तसंच राहील.

शेवटी ऑब्सिडियन, नोंदी ठेवायचं ॲप. प्रत्येक नोंद म्हणजे माझ्याच लॅपटॉपवरची साध्या मजकुराची फाइल. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की दुवा तयार. पण मराठीत नाव एका रूपात कुठे बसतं? ‘वाघ हौद’ वाक्यात आला की ‘वाघ हौदाच्या’, ‘वाघ हौदावर’. पहिला आठवडा मी वाक्यंच वाकडी करत होते, का तर दुवा तुटू नये. मग कळलं, कंसात नावापुढे उभी रेघ देऊन हवं ते रूप लिहायचं. दुवा मूळ नोंदीकडे जातो, वाक्यात ‘हौदाच्या’ दिसतं. त्या रात्री किती बरं वाटलं! माझ्या शहराला विभक्ती मिळाली.

आणि आजच्या पायऱ्या. काही नोंदी फोनवर लिहिलेल्या, काही जुन्या लॅपटॉपवर. एका कीबोर्डनं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं, दुसऱ्यानं साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. साध्या फाइली असल्याचं सुख इथे कळलं. आधी पेनड्राइव्हवर प्रत घेतली, मग सगळ्या फाइलींमधला ‘ऱ’ एकदम एकाच पद्धतीचा केला.

त्यात २०१९ ची एक नोंद वर आली, मी साफ विसरलेली: ‘नव्या सुनेनं वाघ हौदाच्या एकवीस पायऱ्या उतरूनच पहिली घागर भरायची. वर थांबली तर घराचा हक्क जातो.’

नववं प्रकरण उघडलंय. त्यातल्या नव्या सुनेला, यमूला, मी वरच घागर भरायला लावलं होतं, सासू शेजारी उभी असताना. आता ती सासू गप्प का राहिली, ते लिहायचंय.