तुम्ही विचारलंत म्हणून : छोट्या उद्योगात ज्ञान कोठून येते?

"आमच्याकडे संशोधन विभागच नाही, मग आमच्या धोरणाचा आणि ज्ञाननिर्मितीचा संबंध काय?" हा प्रश्न छोटे उद्योजक मला वारंवार विचारतात. माझे उत्तर असे की विभाग नसतो तेथेच हा संबंध अधिक घट्ट असतो, कारण मोजक्या माणसांच्या कारखान्यात कशाकडे पाहायचे आणि काय सोडून द्यायचे हे मालकाच्या धोरणाचा रोखच ठरवत असतो.

सील गळते म्हणून परत आलेला पंप घ्या. ज्याचे सारे लक्ष भावाच्या स्पर्धेवर आहे, तो बदली पंप देऊन विषय मिटवतो आणि जुन्या पंपाबरोबर त्यातली माहितीही भंगारात जाते. तंत्रावर नजर असलेला मालक पंप उघडतो, सीलवरचे ओरखडे पाहतो आणि दुसरे मटेरियल लावून बघतो. ग्राहकाभिमुख मालक मात्र पंप बसवला होता तेथे माणूस पाठवतो. तेव्हा कळते की स्वच्छ पाण्यासाठी बनवलेला पंप गाळाच्या पाण्यात चालत होता आणि विक्रीच्या वेळी पाण्याबद्दल कोणी विचारलेच नव्हते.

नार्व्हर आणि स्लेटर या विपणनाच्या अभ्यासकांनी १९९० मध्ये बाजाराभिमुखतेची, म्हणजे बाजाराकडे पाहून धंदा चालवण्याची, तीन अंगे सांगितली : ग्राहक, स्पर्धक आणि विभागांतला समन्वय. यातले तिसरे छोट्या उद्योगाला फुकट मिळते, असे मानले जाते. मला ते पटत नाही; विक्रेता आणि फिटर एकाच छताखाली असले तरी तक्रार मालकाच्या फोनवर येते आणि तेथेच थांबते.

जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांच्या मांडणीनुसार अव्यक्त (हातात आणि सवयीत मुरलेल्या) आणि व्यक्त (शब्दांत मांडलेल्या) ज्ञानाच्या परस्पर रूपांतरातून नवे ज्ञान घडते. सहवासातून शिकणे छोट्या उद्योगात आपोआप होते : ग्लँड पॅकिंग (पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीचे, गळती आवरणारे पॅकिंग) किती आवळायचे, किती थेंब गळू द्यायचे, हे नवा कामगार जुन्या फिटरशेजारी उभा राहून शिकतो. गाडी अडते ती हे शब्दांत आणि आकड्यांत मांडताना. हातातल्या ऑर्डरी पुऱ्या करणे एवढेच धोरण असेल, तर लिहिण्यात गेलेला वेळ वायाच वाटतो. नवे मॉडेल आणायचे ठरले की मात्र तो आकडा लागतोच, कारण ते मॉडेल जुन्या फिटरच्याही हाताखालून गेलेले नसते.

केवळ ग्राहकाचे ऐकूनही भागत नाही, कारण अजून न बनलेल्या पंपाबद्दल तो सहसा तक्रार करत नाही. तेथे जोखीम घेणारी उद्योजकीय वृत्ती लागते. पैसा आणि माणसे दोन्ही मोजकी असल्याने मी सहसा आधी तक्रारींची चौकशी नीट लावायला सांगतो आणि त्यासोबत एका वेळी एकच प्रयोग, पण फसलेल्या चाचणीच्या नोंदीसह.