नागपूरच्या माथ्यावरचा प्लाझ्मा कुठला?

झिरो माइलच्या खांबावरून सरळ वर तीनशे किलोमीटर गेलात, तर तिथल्या प्लाझ्मातले (म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन, विद्युतभारित अणू, यांच्या मिश्रणातले) इलेक्ट्रॉन आपल्याच उन्हाने तयार केलेले असणार, असं वाटतं. नागपूरच्या उन्हाबद्दल कोण शंका घेईल! पण त्यातला बराच माल दक्षिणेकडून येतो.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा आडव्या असतात ती रेघ, भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. १९६३ साली भारतातून पहिलं रॉकेट केरळातल्या थुंब्याहून उडालं, ते यासाठीच. दिवसा तिथलं विद्युतक्षेत्र प्लाझ्मा वर उचलतं आणि मग तो चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो. आपल्याकडे त्याचा ढीग साधारण भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यात साचतो. नागपूर त्या ढिगाच्या उतारावर. उचल कमी पडली, की ढीग आपल्याकडे सरकतो.

म्हणून फक्त शहराच्या डोक्यावरचा उभा स्तंभ धरून गणित करणारं मॉडेल मला पटत नाही. नागपूरवर तीनशे किलोमीटरवरची चुंबकीय रेषा दक्षिणेला चढत सुमारे साडेसहाशेपर्यंत जाते आणि श्रीलंकेच्याही पलीकडे हिंदी महासागरावर उतरते. तीन हजार किलोमीटरवरची रेषा मात्र थेट कझाकस्तानच्या आसपास टेकते (पृथ्वीला साधा पट्टी-चुंबक मानून केलेलं गणित, पण अंदाजाला पुरे). एकाच शहराच्या डोक्यावर दोन वेगळे मुलूख!

सामी-२ हे मॉडेल अशा रेषा धरूनच सात प्रकारच्या आयनांची समीकरणं सोडवतं. फोर्ट्रानमधलं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. मी सुट्टीत कूलरसमोर बसून ते चालवते. "काय करून राहिली वं रात्रभर?" असं आई विचारते. ऑक्सिजन मोजते, म्हटलं की तिचं समाधान होतं.

आणि ते खोटंही नाही. खाली ऑक्सिजनचे आयन, वर हायड्रोजनचे. दोघांची आयनीकरण ऊर्जा जवळपास सारखीच, १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे विद्युतभार सहज अदलाबदल होतो. उंच रेषांवर दिवसा प्रोटॉन (हेच हायड्रोजनचे आयन) वर जाऊन प्लाझ्मास्फिअर, म्हणजे वरचा विरळ प्लाझ्मा, भरतात आणि रात्री खाली येऊन एफ थर, म्हणजे खालचा सर्वांत दाट थर, तगवतात. पहाटे जीपीएस सिग्नलला होणाऱ्या उशिरात या वरच्या विरळ भागाचा वाटा दिवसापेक्षा जास्त असतो, तो यामुळेच. खालचा थर तेव्हा ओसरलेला असतो.

आयआरआय हे निरीक्षणांवर बेतलेलं मॉडेल महिन्याची सरासरी छान देतं, पण सरासरीत कारण दिसत नाही. सामी-२ मध्ये विद्युतक्षेत्राचा आकडा बदला, की ढीग हललेला दिसतो. सूर्यास्तानंतरचे प्लाझ्माचे बुडबुडे (प्लाझ्मा विरळ झालेल्या पोकळ्या) मात्र त्यात येत नाहीत, कारण ते एकाच रेखांशाचा काप घेतं. त्यासाठी त्रिमितीय सामी-३ हवं, आणि ते या लॅपटॉपच्या आवाक्यातलं काम नाही.