आमची वाटचाल: पत्रा कापण्याआधीचा कागद

आम्ही ऊर्ध्वपातनाचे छोटे कॉलम बनवतो. दोन द्रवांचं मिश्रण आत जातं, हलका, म्हणजे लवकर उकळणारा घटक वरून निघतो, जड खालून. सुरुवातीची काही वर्षं मात्र आम्ही फक्त वेल्डिंगवाले होतो. ड्रॉइंग ग्राहकाचं, पत्रा आणि घाम आमचा. एके दिवशी एका ग्राहकाने विचारलं, "ट्रे किती लागतील, तेही तुम्हीच सांगा ना." ट्रे म्हणजे कॉलममध्ये एकावर एक बसवलेल्या ताटल्या, वाफ आणि द्रव तिथे भेटतात. आम्ही हो म्हणालो. आज आमची जी फर्म आहे, ती त्या होकारातून उभी राहिली.

पहिलंच डिझाइन चुकलं. फीड, म्हणजे आत जाणारं मिश्रण, मेथॅनॉल आणि पाण्याचं होतं, ताशी 1000 किलो, मेथॅनॉल 50 टक्के. ग्राहकाचा आकडा वजनाचा होता, आम्ही तो मोलचा, म्हणजे रेणूंच्या संख्येचा धरला. मेथॅनॉलचा रेणुभार 32, पाण्याचा 18. त्यामुळे वजनाने निम्मं-निम्मं असलेल्या मिश्रणात मोलच्या हिशेबाने मेथॅनॉल भरतं जेमतेम 36 टक्के. आमच्या कागदावर ताशी 640 किलो मेथॅनॉल वरून निघणार होतं, प्रत्यक्षात फीडमध्ये होतं 500. ठरवलेल्या दराने माल काढायला लागलो की वरचं तापमान 65 अंशांवरून चढू लागे आणि मेथॅनॉलसोबत पाणी येई. चार दिवस आम्ही ट्रे, गळती, वाफ थंड करणारा कंडेन्सर सगळं तपासलं. कॉलममध्ये काही दोष नव्हता. जे फीडमध्ये नव्हतंच ते आम्ही त्याच्याकडे मागत होतो. शिवाय फीड ज्या ट्रेवर येतं तो खाली असायला हवा होता आणि फीड आत घेणारं नोझल एकच ठेवलेलं. ते पदरमोड करून बदलून दिलं. तेव्हापासून आमच्या चौकशीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न एकच असतो: टक्के वजनाचे की मोलचे? आणि फीडसाठी प्रत्येक कॉलमला निदान तीन नोझल ठेवतो.

त्या प्रकरणानंतर मी गणित मुळापासून शिकायला बसलो. मॅकेब आणि थील यांनी 1925 मध्ये मांडलेली आलेखाची पद्धत माझ्या हाती लागली आणि तिने मला या धंद्याकडे बघायची नजर दिली. आडव्या अक्षावर द्रवातला हलका घटक, उभ्यावर वाफेतला. एक समतोलाचा वक्र (कोणत्या द्रवावर कशी वाफ असते ते दाखवणारा), एक 45 अंशांची रेषा, मध्ये कॉलमच्या दोन कार्यरेषा (वर जाणारी वाफ आणि खाली येणारं द्रव यांचा हिशेब), आणि वक्र व कार्यरेषांमध्ये उतरत जाणाऱ्या पायऱ्या. एक पायरी म्हणजे एक आदर्श ट्रे. पायऱ्या मोजल्या की कॉलमची उंची डोळ्यांसमोर उभी राहते.

आमच्याकडे रुजू होणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात बेंझिन-टोल्युइनचा कागद हाताने काढतो. अल्फा, म्हणजे सापेक्ष बाष्पशीलता (एक घटक दुसऱ्यापेक्षा किती सहज वाफ होतो), 2.4 धरायची. फीड मोलने निम्मं-निम्मं, उकळबिंदूवरचं द्रव. वर 95 टक्के बेंझिन हवं, खाली 5 टक्क्यांवर राहू नये. 100 किलोमोल फीडमागे 50 वर, 50 खाली. रिफ्लक्स म्हणजे वरून निघालेल्यातलं जे द्रव पुन्हा कॉलममध्ये सोडतात त्याचं, बाहेर काढलेल्या मालाशी प्रमाण. किमान टप्पे देणाऱ्या फेन्स्केच्या सूत्राने पूर्ण रिफ्लक्सला, म्हणजे सगळंच परत सोडलं तर, साधारण 7 टप्पे (आदर्श ट्रे) येतात, पण तेव्हा माल काहीच निघत नाही. दुसऱ्या टोकाला किमान रिफ्लक्स 1.19, तिथे टप्पे अनंत. खरा कॉलम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसवायचा असतो.

किमानाच्या 1.3 पट, म्हणजे 1.54 रिफ्लक्स घेतला तर 14 टप्पे येतात. त्यातला एक रिबॉइलर (तळाशी द्रव उकळणारं भांडं), उरले 13. ट्रेची कार्यक्षमता 60 टक्के धरली की प्रत्यक्षात 22 ट्रे. रिफ्लक्स दुप्पट किमानावर नेला तर 17 ट्रेमध्ये भागतं, कॉलम बुटका होतो, ग्राहक खूश. पण वर चढणारी वाफ 127 किलोमोलवरून 168 च्या पुढे जाते. एक तृतीयांश वाफ जास्त, म्हणजे तेवढी स्टीम आणि तेवढंच थंड पाणी, कॉलम चालेल तितके दिवस. पाच ट्रेचा पत्रा एकदाच विकत घ्यावा लागतो. म्हणून मी ग्राहकाला नेहमी उंच कॉलमच सुचवतो, मग कोटेशन महाग दिसून ऑर्डर हातची गेली तरी चालेल.

एक ऑर्डर आम्ही सरळ नाकारली, तिचा मला आजही अभिमान आहे. आयसोप्रोपॅनॉल-पाण्यातून साध्या कॉलमने 99 टक्के हवं होतं. ग्राहकाकडे सॉफ्टवेअरचा रिपोर्ट होता, त्यात ते सहज जमत होतं, कारण मॉडेल आदर्श मिश्रणाचं निवडलं होतं. आम्ही मोजलेल्या आकड्यांवरून वक्र काढला. वजनाने 88 टक्क्यांच्या आसपास तो 45 अंशांच्या रेषेला जाऊन मिळतो. तिथे वाफ आणि द्रव एकसारखेच, पुढे पायरी पडायला जागाच उरत नाही. कितीही ट्रे लावा. त्या ग्राहकाला तिसरा द्रव घालून करायच्या ऊर्ध्वपातनाचा रस्ता सांगितला. वर्षभराने तेच काम आमच्याकडे आलं.

सॉफ्टवेअर आता आमच्याकडेही आहे, रोज वापरतो. कागदाची सवय मात्र मी मोडू दिलेली नाही.

गेल्या महिन्यात रुजू झालेल्या मुलीने 14 पायऱ्या नीट काढल्या आणि विचारलं, "सर, फीड आधीच अर्धं वाफ होऊन आलं तर?" मी म्हटलं, काढून बघ. आलेखावर फीडची स्थिती दाखवणारी उभी रेषा डावीकडे कलली, वक्राला खालीच भेटली. किमान रिफ्लक्स 1.19 वरून 1.59 वर गेला. आमचा 1.54 त्याच्याही खाली, त्यामुळे तिच्या पायऱ्या वक्राजवळच्या कोपऱ्यात बारीक-बारीक होत अडकून बसल्या. बराच वेळ ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली, मग तिने नवा ग्राफ पेपर ओढला.