जास्वंदाची गुटी बांधताना झाडातला पाण्याचा आणि अन्नाचा रस्ता कळला – माझा अनुभव

जलवाहिनी आणि रसवाहिनीची आकृती शाळेत मी कितीतरी वेळा काढली, मार्कही मिळाले, पण जास्वंदाची गुटी करायला (म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून तिचं नवं रोप करायला) बसलो तेव्हा चाकू हातात धरून अडलोच, कारण गुटीसाठी फांदीची साल बांगडीसारखी गोल काढून टाकावी लागते आणि मला वाटलं साल गेली की वरची पानं दोन दिवसात माना टाकणार.

तरी केलं. पेन्सिलीएवढी जाड फांदी घेतली, दोन-अडीच सेंटीमीटर साल सोलली, पण आतला बुळबुळीत थर भीतीने तसाच ठेवला. वर ओलं मॉस (शेवाळ), त्यावर प्लॅस्टिक, दोन्हीकडून सुतळीने घट्ट. पानं शेवटपर्यंत टवटवीत राहिली. दीड महिन्याने सोडून बघतो तर एकही मूळ नाही आणि जखम सालीने भरून आलेली!

मग नीट वाचलं. तो बुळबुळीत थर म्हणजे कॅम्बियम, तोच आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या तयार करतो, म्हणजे तुटलेला रस्ता त्यानेच परत जोडला होता. आणि पानं सुकली नाहीत कारण पाणी आणि खनिजं सालीतून जातच नाहीत, ती आतल्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून चढतात. या नळ्या मेलेल्या पेशींच्या, आतून पोकळ. पानातून वाफ उडत राहते, त्याची ओढ खालच्या पाण्याला लागते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात म्हणून अख्खा स्तंभ वर सरकतो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे 1894 मध्ये मांडलं. शंभर मीटरपेक्षा उंच रेडवूड झाडाच्या शेंड्यालाही पाणी असंच पोचतं, मला अजून हे वाचून भारी वाटतं.

अन्नाचं वेगळं. पानात बनलेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांत भरली जाते, तिच्यामागे पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि रस जिकडे गरज असेल तिकडे ढकलला जातो, मुळाकडे खाली किंवा कळीकडे वरसुद्धा. या पेशी जिवंत असतात.

दुसऱ्या वेळी सालीखालचा थर खरवडून पांढरं लाकूड दिसेपर्यंत साफ केला. यावेळी प्लॅस्टिकमधून दिसलं की कापाची वरची कड फुगलीय, खालची तशीच सपाट. वरून येणारी साखर आणि मुळं फोडणारं ऑक्सिन हे संप्रेरक तिथेच अडून साठत होतं, आणि मुळंही त्याच कडेतून फुटली! माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने 17व्या शतकात साल काढून हीच सूज बघितली होती. (मुख्य खोडाची साल मात्र अशी गोल कधीच काढू नका, पानं बरेच दिवस हिरवी दिसतात पण खाली मुळं उपाशी राहून झाड जातं.)

मॉस मुळांनी भरल्यावर फांदी गुटीच्या खालून कापली, अर्धी पानं काढून टाकली कारण एवढीशी नवी मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत, आणि कुंडी सावलीत ठेवली. पहिले चार दिवस पानं मलूल होती. पाचव्या दिवशी सकाळी ताठ झाली, आता शेंड्याला नवीन पान आलंय.