पातळपणा ऑटोक्लेव्हमध्ये, छिद्रं भट्टीत

निकेल ऑक्साइडचे सच्छिद्र नॅनोपापुद्रे करताना सगळं लक्ष भट्टीच्या तापमानाकडे जातं. पण पापुद्रा किती पातळ होणार, हे त्याच्या आधीच ठरलेलं असतं: ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात, निकेल हायड्रॉक्साइड तयार होताना. भट्टीत त्याचंच पुढे ऑक्साइड होतं.

निकेल हायड्रॉक्साइड मुळातच थरांचं. थराच्या आत बंध घट्ट, दोन थरांमध्ये ढिले. त्यामुळे स्फटिक आडवा भराभर पसरतो आणि जाडी सावकाश धरतो. त्याला घाई करायची नाही, एवढंच आपलं काम. सोडियम हायड्रॉक्साइड एकदम ओतलंत की क्षणात असंख्य केंद्रकं, म्हणजे स्फटिकांची बीजं, तयार होतात आणि हाती येतो हिरवा लगदा. म्हणून युरिया. साधारण 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तो हळूहळू विघटित होऊन अमोनिया सोडतो आणि पीएच बेताने चढतो.

35 मिली पाण्यात 0.58 ग्रॅम निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि 0.60 ग्रॅम युरिया, म्हणजे 2 मिलिमोलला 10 मिलिमोल. ऑटोक्लेव्हमधलं टेफ्लॉनचं भांडं 50 मिलीचं घ्या. युरियातून वायूही सुटतो, त्यामुळे वरची जागा मोकळी हवीच. 120 अंशांवर 6 तास, मग आपोआप निवू द्या. वेळ उगाच वाढवला तर बारीक पापुद्रे विरघळून मोठ्यांवर बसतात आणि जाडी वाढते. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात, 12 अंशांच्या कोनाजवळचं शिखर जाऊन 19 अंशांजवळ उगवलं, तर हायड्रॉक्साइडच्या अल्फा रूपाचं बीटा रूप झालं.

सर्वांत दुर्लक्षित पायरी सुकवण्याची. पाण्यातून थेट ओव्हनमध्ये टाकलंत तर पृष्ठताणामुळे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि कमावलेला पातळपणा जातो. शेवटच्या 3 धुण्या इथेनॉलने करा. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

आता भट्टी. मिनिटाला 1 ते 2 अंश चढवत 350 अंश, 2 तास. बीटा हायड्रॉक्साइडचा हिशेब धरला तर पाणी जाऊन वजन 19 टक्के घटतं, पण घन पदार्थाचं आकारमान जवळपास निम्मं होतं. पापुद्र्याची बाह्यरेषा तेवढी आकसत नाही, मग आतच छिद्रं पडतात. 500 अंशांपलीकडे कण वाढून तीच छिद्रं बुजतात. निकेलची पूड श्वासात जाणं घातक, त्यामुळे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात.

पूड हिरवी न निघता करडी-काळी निघाली तर फेकू नका. कमी तापमानाच्या निकेल ऑक्साइडमध्ये निकेलच्या जागा थोड्या रिकाम्या राहतात, रंग त्यांचा. एक्सआरडीत 37, 43 आणि 63 अंशांजवळ शिखरं असली की माल बरोबर आहे.