कौल नसलेल्या घरातली दाढ

भर दुपारी शेंगदाणे घेऊन बसलो आणि चौथ्याच दाण्याला लक्षात आलं, डावी बाजू आता बंद. खालची दाढ काढून नऊ दिवस झाले, पण जिभेला अजून पटलेलं नाही. फोनवर बोलताना, भाजी निवडताना ती आपली तिथेच जाऊन चाचपते. आरशात पाहिलं तर जेमतेम करंगळीचं टोक मावेल एवढी जागा. जिभेला मात्र तिथे आड खणलाय असं वाटतं.

चूक माझीच. सहा वर्षांपूर्वी रूट कॅनल झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "वर कॅप बसवून घ्या, नाहीतर तडकेल." दुखायचं थांबल्यावर कोण जातंय! सुपारीच्या खांडावर तडकली, आणि चीर थेट मुळात उतरली. अशी उभी चीर गेली की काही उपाय नाही.

दाढ उपटतात हा आपला समज. प्रत्यक्षात डॉक्टर खुंटी हलवावी तशी ती हलवत राहतात, हाडाची पकड सैल होईपर्यंत. दुखत नाही, पण आवाज येतो, आणि तो डोक्याच्या आतून येतो. वाड्याचं जुनं दार कुरकुरावं तसा. मग कापसाचा बोळा चावून पाऊण तास गप्प. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती निघून आली तर आतलं हाड उघडं पडतं आणि तो ठणका काढण्याआधीच्या दुखण्याला लाजवतो म्हणे. दिवसभर मला फक्त थुंकावंसं वाटत होतं. चोवीस तासांनी मिठाच्या कोमट पाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा सण असल्यासारखं वाटलं.

गावी दात पडला की आजी अंगणात उभं करायची. शेणाच्या गोळ्यात दात खुपसून कौलावर फेकायचा. "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." माझा एक गोळा घरंगळत परत पायाशी आला होता. मामाला पसंत पडला नाही, म्हणून आजीने पुन्हा फेकायला लावला. तिच्या स्वतःच्या तोंडाचं बोळकं. पान खलबत्त्यात कुटून खायची. तुला का नाही दिले मामाने, असं विचारलं तर म्हणाली, "माझा हिशेब मिटलाय त्याच्याशी."

ही दाढ मात्र त्या हिशेबात कधी नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दातांमागून, कुणालाही न पाडता, गुपचूप येते. घरच्यांना वाटतं, दुधाचीच असेल.

"नेणार का?" डॉक्टरांनी विचारलं. आणली, पुडीत बांधून. आता आमचा चौथा मजला, वर स्लॅब, त्यावर सोसायटीच्या टाक्या. फेकू कुठे? बायको म्हणते, ओला कचरा की सुका ते आधी ठरव.

मोकळी जागा भरून घ्या, नाहीतर शेजारची दाढ कलेल, वरची खाली उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. विचार करून सांगतो, म्हणालो. कॅपच्या वेळीही हेच म्हणालो होतो. पुडी सध्या पासपोर्ट फोटोंच्या डबीत आहे. शेंगदाणे काय, उजवीकडूनही चावून होतात.